काळा समुद्र भूमध्य समुद्राला जोडला गेला तेव्हा पाणी कोणत्या दिशेने वाहिले?

शास्त्रीकाठ (मूळ प्रश्न)

नमस्कार. मी जयगड खाडीच्या परिसरातील एका शाळेत भूगोल शिकवतो. हिमयुग संपल्यावर समुद्राची पातळी वाढत गेली, भूमध्य समुद्राचे पाणी बोस्पोरसच्या सामुद्रधुनीतून काळ्या समुद्रात कोसळले आणि तेथे महापूर आला, अशी मांडणी अनेक लेखांत व चित्रफितींत आढळते. काही ठिकाणी मात्र नेमके उलटे वाचायला मिळते. त्यांच्या मते काळा समुद्र आधीपासूनच काठोकाठ भरलेला होता आणि त्याचे गोडे पाणी मधल्या मार्मारा समुद्रातून एजियन समुद्राकडे, म्हणजे भूमध्य समुद्राच्या ईशान्य भागाकडे, वाहत होते. दोन्ही विधाने साधारण एकाच काळाबद्दलची आहेत, त्यामुळे विद्यार्थ्यांना यांपैकी काय सांगावे हे मला ठरवता येत नाही.

दुसरी शंका अधिक मूलभूत आहे. दोन जलाशय जोडले की त्यांची पातळी सारखी होते आणि प्रवाह थांबतो, असे आपण शाळेत शिकवतो. मग हे दोन समुद्र जोडले जाऊन हजारो वर्षे उलटल्यावरही बोस्पोरसमधून अखंड पाणी का वाहते, आणि तेही म्हणे एकाच वेळी दोन्ही दिशांनी?

तिसरी गोष्ट आपल्या किनाऱ्याची आहे. पावसाळ्यात आमच्या खाडीत वरचे पाणी गोडे आणि तळाचे खारे असते, असे येथील जाळी टाकणारे लोक सांगतात. सामुद्रधुनीतला प्रकार यापेक्षा वेगळा आहे का? शिवाय तांबडा समुद्र आणि इराणचे आखात हे दोन्ही आपल्याच अरबी समुद्राला चिंचोळ्या तोंडांनी जोडलेले आहेत. पातळी वाढत असताना तेथे काय घडले, याबद्दल कोणी जाणकाराने लिहिले तर बरे होईल. नुसते दुवे न देता कारणे सांगावीत, ही विनंती.

गाळवाचक

समुद्रतळाच्या गाळाचा अभ्यास हा माझा विषय आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

सामुद्रधुनीच्या तळाशी जी सर्वांत उथळ जागा असते तिला आपण उंबरठा म्हणू. एजियन समुद्राकडून निघाल्यावर पहिला उंबरठा डार्डनेल्सच्या सामुद्रधुनीचा लागतो. तो आजच्या पातळीखाली साधारण ६५ ते ७० मीटरवर आहे. त्यानंतर मार्मारा समुद्र येतो, जो मध्यभागी हजार मीटरहून अधिक खोल आहे, आणि मग बोस्पोरसचा दुसरा उंबरठा येतो, जो जेमतेम ३५ मीटर खोल आहे. हिमयुगाच्या ऐन भरात, म्हणजे सुमारे २१,००० वर्षांपूर्वी, जगाची समुद्रपातळी आजच्यापेक्षा १२० मीटरहून अधिक खाली होती. तेव्हा दोन्ही उंबरठे समुद्राच्या वर होते. काळा समुद्र आणि मार्मारा ही दोन तळी झाली होती, आणि या वाटेने पाणी वाहिलेच तर ते वरच्या तळ्याचे जादा पाणी असणार, समुद्राचे नव्हे.

बर्फ वितळू लागल्यावर काळ्या समुद्राला दोन्हीकडून पाणी मिळाले, हे बहुतेक लेखांतून निसटते. डॅन्यूब, नीपर, डॉन या नद्यांचे पाणी तर होतेच. त्याशिवाय उत्तरेकडच्या हिमस्तरांचे वितळलेले पाणी कॅस्पियनमध्ये साचले आणि तेथून मानिचच्या सखल पट्ट्यातून काळ्या समुद्रात उतरले. त्या काळात काळ्या समुद्राचे गोडे पाणी मार्माराकडे उतू गेले, याबद्दल फारसा मतभेद नाही. पुढे हवामान पुन्हा थंड व कोरडे झाले, वितळपाण्याची वाट बदलली, आणि तळ्याची पातळी उतरली. ती किती उतरली, हाच सगळ्या वादाचा गाभा आहे.

दरम्यान बाहेरचा समुद्र चढतच होता. सुमारे १२,००० वर्षांपूर्वी त्याने डार्डनेल्सचा उंबरठा ओलांडला आणि मार्मारा खारा झाला. बोस्पोरसचा उंबरठा त्याने सुमारे ९,००० वर्षांपूर्वी गाठला. जागतिक पातळीच्या आलेखावर उणे ७० आणि उणे ३५ मीटरच्या रेषा ओढल्या तर हे दोन्ही काळ ढोबळमानाने जुळतात, म्हणून हा भाग विद्यार्थ्यांकडून आलेखावर करून घेण्यासारखा आहे.

आता महापुराविषयी. कोलंबिया विद्यापीठातील विल्यम रायन आणि वॉल्टर पिटमन यांनी सहकाऱ्यांसह १९९७ मध्ये असे मांडले की बाहेरचा समुद्र बोस्पोरसच्या उंबरठ्यावर पोचला त्या क्षणी काळ्या समुद्राची पातळी बोस्पोरसच्या उंबरठ्यापेक्षा शंभर मीटरहून अधिक खाली होती, आणि भूमध्य समुद्राचे पाणी आत कोसळून एक लाख चौरस किलोमीटरहून अधिक उघडी जमीन वेगाने बुडाली. किनाऱ्यालगतच्या वेगवेगळ्या खोलींवरील गाळात खाऱ्या पाण्याचे शिंपले एकाच सुमारास प्रथम दिसतात, हा त्यांचा मुख्य पुरावा होता. पाणी सावकाश चढले असते तर खोल जागी ते शिंपले आधी आणि उथळ जागी नंतर आले असते, असा त्यांचा तर्क. त्यांनी दिलेला काळ कार्बनमापनानुसार ७,१५० वर्षांपूर्वीचा, म्हणजे प्रत्यक्ष वर्षांत सुमारे ७,६०० वर्षांपूर्वीचा होता. नंतर त्यांच्याच गटाने तो मागे नेला.

याविरुद्ध कॅनडातील अली अक्सू आणि रिचर्ड हिस्कॉट यांनी बोस्पोरसच्या दक्षिण तोंडाशी पाण्याखाली असलेली त्रिभुज प्रदेशासारखी गाळाची रचना दाखवली. काळ्या समुद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यानेच ती रचली, म्हणून महापुराच्या कथित काळाच्या आधीपासून प्रवाह बाहेरच्या दिशेने होता, असे त्यांचे म्हणणे. तो गाळ शेजारच्या एका लहान नदीचा असू शकतो, असा आक्षेप त्यावर घेतला गेला. २००९ मध्ये लिव्हिउ जोसान आणि सहकाऱ्यांनी डॅन्यूबच्या त्रिभुज प्रदेशात खोदून मिळवलेल्या गाळावरून असा निष्कर्ष काढला की जोडणीच्या वेळी तळ्याची पातळी आजच्यापेक्षा सुमारे ३० मीटरच खाली होती, म्हणजे पाणी एकदम चढले असले तरी ती चढ पाच ते दहा मीटरची असावी. माझा कल या मताकडे आहे. त्रिभुज प्रदेशातील गाळ पातळीच्या अगदी जवळ साचतो, त्यामुळे जुन्या पातळीचा तो बऱ्यापैकी विश्वासू साक्षीदार ठरतो. तुर्कस्तानातील सिनोपजवळ दीडशे मीटरच्या आसपास खोलीवर जुना किनारा सापडल्याचे १९९९ मध्ये जाहीर झाले होते, हेही नोंदवायला हवे. मात्र नुसता बुडालेला किनारा तो केव्हाचा हे सांगत नाही. हिमयुगात पातळी अनेकदा वरखाली झालेली आहे.

काळ ठरवण्यातही एक खोच आहे. शिंपल्यातील कार्बन पाण्यातून येतो, आणि बंदिस्त तळ्यातल्या पाण्यात जुना कार्बन मुरलेला असतो. त्यामुळे तळ्यातील शिंपला त्याच्या खऱ्या वयापेक्षा जुना भासतो, आणि किती जुना भासतो हे तळ्याच्या इतिहासाप्रमाणे बदलते. म्हणूनच वेगवेगळ्या गटांच्या तारखा शेकडो वर्षांनी हलतात. शिंपल्यांतील स्ट्रॉन्शियमच्या समस्थानिकांचे, म्हणजे त्याच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचे, प्रमाण हा दुसरा उपाय आहे. नदीच्या पाण्यातील प्रमाण वेगळे आणि समुद्राचे वेगळे, त्यामुळे समुद्राचे पाणी प्रथम केव्हा शिरले हे त्यावरून अधिक थेटपणे कळते. त्याचे उत्तर ९,००० वर्षांच्या थोडे मागेपुढे येते.

आपल्या पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे: आधी बाहेर, मग काही काळ बहुधा कोणतीच देवाणघेवाण नाही, मग आत, आणि शेवटी दोन्हीकडे. मधले दोन टप्पे किती तीव्र होते याबद्दल मतभेद आहेत. शेवटचा टप्पा आज आपल्या डोळ्यांसमोर चालू आहे.

दर्यावर्दी

गाळवाचक यांनी इतिहास सांगितला. दुसऱ्या शंकेबद्दल, म्हणजे आजच्या प्रवाहाबद्दल, मी लिहितो. व्यापारी जहाजांवरच्या नोकरीत मी बोस्पोरसमधून गेलेलो आहे. सुमारे ३१ किलोमीटर लांबीची ही वाट सर्वांत अरुंद जागी जेमतेम ७०० मीटर रुंद आहे. वरचा प्रवाह उत्तरेकडून दक्षिणेकडे, म्हणजे काळ्या समुद्रातून बाहेर, इतक्या जोरात असतो की वळणांवर जहाज सांभाळणे हे कसबाचे काम ठरते. दक्षिणेचा लोडोस वारा सुटला तर हाच वरचा प्रवाह मंदावतो किंवा उलटाही फिरतो.

खालचा उलटा प्रवाह मात्र जहाजावरून दिसत नाही. तेथील मच्छीमारांना तो फार पूर्वीपासून ठाऊक होता. सहाव्या शतकातील इतिहासकार प्रोकोपियस यानेही त्यांचे म्हणणे नोंदवले आहे. त्याचे रीतसर मापन लुईजी फेर्दिनांदो मार्सिली या इटालियन तरुणाने १६७९ च्या सुमारास केले. दोरीला वजन बांधून तो ती पाण्यात खोल सोडत गेला, तेव्हा वरच्या भागात दक्षिणेकडे ओढली जाणारी दोरी एका खोलीनंतर उत्तरेकडे ओढली जाऊ लागली. त्याने वरच्या आणि खालच्या पाण्याचे वजन करून पाहिले, तर खालचे पाणी जड निघाले. मग त्याने एक पेटी घेतली, मध्ये पडदा घातला, एका बाजूला खारे आणि दुसऱ्या बाजूला कमी खारे रंगवलेले पाणी भरले, आणि पडद्याला वर व खाली अशी दोन भोके ठेवली. ती उघडताच जड पाणी खालून पलीकडे गेले आणि हलके पाणी वरून अलीकडे आले. १६८१ मध्ये त्याने हे सारे स्वीडनची राणी क्रिस्तिना हिला उद्देशून प्रसिद्ध केले. शास्त्रीकाठ सर, हा प्रयोग शाळेत काचेच्या टाकीत सहज करता येईल. मीठ आणि शाई एवढेच साहित्य लागते.

आता पातळी सारखी होऊनही प्रवाह का थांबत नाही, ते पाहू. आपला शाळेतला नियम दोन्हीकडे एकच द्रव असेल आणि कोठूनही नवे पाणी येत वा जात नसेल तेव्हाच लागू पडतो. काळ्या समुद्रात दरवर्षी नद्यांतून सुमारे ३५० घन किलोमीटर आणि पावसातून सुमारे ३०० घन किलोमीटर पाणी येते. वाफ होऊन सुमारे ३५० जाते. म्हणजे ३०० घन किलोमीटर दरवर्षी उरते आणि ते बाहेर काढावेच लागते. त्यामुळे काळ्या समुद्राची पातळी मार्मारापेक्षा कायमच फूटभर वर राहते, आणि पृष्ठावर प्रवाह बाहेरच जातो. पण खोलवर गेल्यावर मार्माराच्या बाजूचे पाणी जड असल्याने तिकडचा दाब अधिक भरतो, आणि तळाशी प्रवाह आत जातो.

किती जाते आणि किती येते, याचा हिशेब दोन समीकरणांत मांडता येतो. डॅनिश शास्त्रज्ञ मार्टिन नुडसेन यांच्या नावाने तो ओळखला जातो. पहिले समीकरण पाण्याचे: बाहेर जाणारे वजा आत येणारे म्हणजे वर्षाला ३०० घन किलोमीटर. दुसरे मिठाचे: काळ्या समुद्रातील एकूण मीठ बदलत नसेल, तर जेवढे मीठ आत येते तेवढेच बाहेर गेले पाहिजे. बाहेर जाणाऱ्या पाण्यात दर किलोस सुमारे १८ ग्रॅम मीठ आहे आणि आत येणाऱ्यात ते ३६ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे दुप्पट. म्हणून बाहेर जाणारे पाणी आत येणाऱ्याच्या दुप्पट हवे. उत्तर उघड आहे: बाहेर सुमारे ६००, आत सुमारे ३००. प्रत्यक्ष मापनांतून निघालेले आकडे याच्या जवळपासचेच आहेत. दहावीच्या मुलांना हे गणित नक्की जमेल.

हर्णैचा वाचक

दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत. माझा एक भाबडा प्रश्न आहे. हा महापूर म्हणजेच बायबलमधील नोहाचा किंवा मेसोपोटेमियातील गिल्गमेशच्या कथेतला प्रलय, असे अनेक ठिकाणी छातीठोकपणे लिहिलेले असते. आपल्याकडे मनूची आणि माशाची कथा आहे, आणि कोकणात तर परशुरामाने बाण मारून समुद्र मागे हटवल्याची कथा घरोघरी आहे. समुद्रपातळीच्या या इतिहासाशी त्यांचा संबंध लावता येतो का?

गाळवाचक

लावता येतो असे म्हणण्याइतका पुरावा नाही. रायन आणि पिटमन यांनी स्वतः प्रलयकथांशी दुवा सुचवला होता, आणि वृत्तपत्रांनी नेमका तोच भाग उचलला. त्यामुळे मूळ भूशास्त्रीय वाद मागे पडला, ही माझी जुनी तक्रार आहे. जोसान यांचा आकडा खरा मानला, तर किनाऱ्यावरच्या माणसांची वस्ती मागे सरकली असेल, पण डोंगर बुडवणारा प्रलय काही झाला नसेल. मेसोपोटेमियाच्या कथांना तैग्रिस आणि युफ्रेटिसचे नेहमीचे पूर पुरेसे कारण आहेत.

परशुरामाच्या कथेत समुद्र मागे हटतो, तर हिमयुगानंतर तो जगात बहुतेक ठिकाणी एकंदरीत पुढेच आला. पश्चिम किनाऱ्यावर गेल्या पाच-सहा हजार वर्षांत पातळी थोडी वरखाली झाल्याच्या खुणा आहेत, नद्यांच्या गाळाने काही जागी जमीन पुढे सरकली आहे, आणि अरबी समुद्राकडे तोंड करून उभे असलेले अनेक उंच कातळ पूर्वीच्या लाटांनी घडवलेले आहेत. एवढ्यावरून एखादी कथा अमुक घटनेची आठवण आहे असे म्हणणे घाईचे ठरेल. कथेला कथा म्हणून मान द्यावा आणि भूशास्त्राला गाळ वाचू द्यावा.

आपल्या किनाऱ्याचा बुडालेला भाग पाहायचाच असेल तर तो प्रत्यक्ष आहे. मुंबईसमोरच्या समुद्रात ६५ ते १०० मीटर खोलीवर चुनखडी वाळूचा विस्तीर्ण पठारी पट्टा आहे, ज्याला नाविक नकाशांवर फिफ्टी फॅदम फ्लॅट असे नाव आहे. तेथील चुनखडी उथळ पाण्यात तयार होणाऱ्या प्रकारची आहे आणि तिची वये साधारण ९,००० ते १४,००० वर्षांच्या दरम्यान येतात, म्हणजे समुद्र वर चढत असतानाची. विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे शंभर किलोमीटरवर, कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखला जाणारा आंग्रिया बँक हा प्रवाळांचा उंचवटा आहे. त्याचा माथा पृष्ठाखाली वीसेक मीटरवर आहे, त्यामुळे हिमयुगात तो कोरडा असणार. तो नेमका केव्हा बुडाला हे केवळ आजच्या खोलीवरून काढता येत नाही, कारण बुडाल्यानंतर प्रवाळांनी त्यावर किती भर घातली तेही वजा करावे लागते.

बंदरपट्टी

खाडीच्या प्रश्नाबद्दल मी लिहितो. खाडीत मासेमारी करणाऱ्या कुटुंबात वाढल्याने आणि पुढे जलविज्ञान शिकल्याने हा विषय मला दोन्ही बाजूंनी माहीत आहे.

आपल्या खाड्या मुळातच समुद्रपातळी वाढल्याने बुडालेली नद्यांची खोरी आहेत. पातळी खाली असताना सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री या नद्या आजच्या किनाऱ्याच्या बऱ्याच पुढे जाऊन समुद्राला मिळत असणार. समुद्र चढल्यावर त्यांची खालची खोरी भरली आणि खारे पाणी आत आले. त्यामुळे शास्त्रीकाठ सरांनी काढलेला संबंध अगदी योग्य आहे. खाडीत आज जे रोज घडते, तेच समुद्रांच्या जोडणीत हजारो वर्षांच्या पायरीने घडले.

खाडीत आषाढात नदीला मोठा पूर येतो तेव्हा गोडे पाणी तळापर्यंत जोर करून खारे पाणी पार तोंडाबाहेर ढकलते. पूर ओसरला की तेच खारे पाणी पाचरीसारखे तळातून वर सरकू लागते आणि वरून गोडे पाणी वाहतच राहते. दिवाळीनंतर नदीचे पाणी आटते आणि सगळी खाडीच वरपासून खालपर्यंत खारट होते; मधल्या काळात पाणी मचूळ लागते. बोस्पोरसमध्येही हाच नियम होता. उंबरठ्यावर पाणी थोडेच असते तेव्हा बाहेर पडणारा प्रवाह सगळी खोली व्यापतो आणि खाऱ्या पाण्याला शिरकाव मिळत नाही. समुद्र आणखी चढला की वाट खोल होते, तेवढेच पाणी अधिक रुंद मार्गातून जाऊ लागल्याने त्याचा वेग घटतो, आणि तळाशी खाऱ्या पाण्याची पाचर आत सरकू शकते. दोन थरांची देवाणघेवाण उंबरठा ओलांडला त्याच दिवशी सुरू झाली असे म्हणूनच धरता येत नाही. त्यासाठी पाणी आणखी काही मीटर चढावे लागले असणार, आणि त्यात नद्यांचे त्या काळचे पाणी किती होते यावर बरेच अवलंबून आहे.

फरक आहे तो भरतीचा. रत्नागिरीकडे उधाणाच्या भरती-ओहोटीत दोन मीटरहून अधिक अंतर पडते आणि मुंबईकडे ते चार-पाच मीटरपर्यंत जाते. ही उलथापालथ दिवसातून दोनदा वरचे आणि खालचे पाणी मिसळून टाकते, म्हणून आमच्याकडे थर स्पष्ट दिसतात ते भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटी कमी असलेल्या, दिवसांत आणि नदी जोरात असताना. काळ्या समुद्रात भरती-ओहोटी काही सेंटिमीटरांचीच असते. त्यामुळे तेथे थर मिसळत नाहीत, आणि त्याचे परिणाम फार मोठे झाले आहेत.

आत आलेले जड पाणी काळ्या समुद्राच्या तळाशी साचत गेले. काळ्या समुद्राचे एकूण घनफळ सुमारे साडेपाच लाख घन किलोमीटर आहे. आत येणारा प्रवाह वर्षाला ३०० घन किलोमीटर धरला तर तेवढे पाणी भरायला १,८०० वर्षे लागतात. सुरुवातीला प्रवाह याहून बारीक असणार, म्हणून पातळी समान झाल्यानंतरही क्षारतेला आजच्या स्थितीत यायला हजार-दोन हजार वर्षे किंवा त्याहून अधिक लागली, हे सहज समजते. पातळीचा बदल आणि क्षारतेचा बदल या दोन वेगळ्या घड्याळांवर चालणाऱ्या गोष्टी आहेत, आणि गाळातील शिंपले दुसऱ्याची नोंद ठेवतात, पहिल्याची नव्हे. ड्रेसेना जातीचे गोड्या पाण्यातील शिंपले संपून आपल्या काकईच्या कुळातील मायटिलस दिसू लागले, याचा अर्थ पाणी त्यांना पुरेल इतके खारे झाले, एवढाच. एकाच वेळी सर्व खोलींवर ते दिसणे हा महापुराचा पुरावा मानण्यास मला म्हणूनच संकोच वाटतो.

तळाच्या पाण्यावर हलके झाकण बसल्याने हवा खाली पोचेना. सुमारे साडेसात हजार वर्षांपूर्वीपासून खोल गाळ काळा आणि सेंद्रिय द्रव्याने भरलेला होऊ लागला. आजही १५० ते २०० मीटरखाली काळ्या समुद्रात प्राणवायू नाही, हायड्रोजन सल्फाइड आहे, आणि त्यामुळे तेथे बुडालेली लाकडी जहाजे कीड न लागता टिकून राहतात.

शास्त्रीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. दोन समीकरणांचे गणित आणि टाकीचा प्रयोग पुढच्याच आठवड्यात वर्गात घेईन. तांबडा समुद्र आणि इराणचे आखात तेवढे राहिले. आमच्या तालुक्यातील अनेक घरांतील माणसे आखातात नोकरीला आहेत, त्यामुळे मुलांना त्याची विशेष उत्सुकता आहे.

गाळवाचक

तेथे चित्र उलटे होते. काळ्या समुद्रात पाणी उरते. या दोन्ही ठिकाणी ते कमी पडते. तांबड्या समुद्रात वर्षाला सुमारे दोन मीटर पाणी वाफ होऊन जाते आणि एकही मोठी नदी त्यात येत नाही. म्हणून एडनच्या आखातातून कमी खारे पाणी पृष्ठावरून आत येते आणि अधिक खारे, जड पाणी तळातून बाहेर पडते. उन्हाळ्यात, म्हणजे आपल्याकडे नैऋत्य मोसमी वारे असताना, यातही बदल होतो. पृष्ठाचा एक पातळ थर बाहेर जाऊ लागतो, मधला थर आत येतो आणि तळाचा थर दुबळा होऊन बाहेर जातो. तेथील सामुद्रधुनी एका ऋतूत दोन थरांची आणि दुसऱ्यात तीन थरांची असते.

तांबड्या समुद्राच्या तोंडाशी असलेल्या बाब-अल-मंदेब सामुद्रधुनीजवळचा हानिश उंबरठा १३७ मीटर खोल आहे. हिमयुगात समुद्र १२० मीटरहून अधिक खाली गेला तेव्हा त्यावर जेमतेम दहा-पंधरा मीटर पाणी उरले. वाट पूर्णपणे बंद झाली नाही, पण इतकी आकसली की आतले पाणी दर किलोस ५० ग्रॅमहून अधिक खारे झाले. आज तेथे ते ३६ ते ४१ ग्रॅम आहे. पृष्ठालगत राहणारे अनेक सूक्ष्म प्राणी या क्षारतेत तग धरू शकले नाहीत, आणि त्या काळच्या गाळात त्यांची कवचे जवळजवळ सापडत नाहीत. समुद्र चढू लागल्यावर देवाणघेवाण वाढली आणि क्षारता उतरली. वाट जितकी उथळ, तितके आतले पाणी खारे, हा संबंध इतका सुसंगत आहे की तांबड्या समुद्रातील कवचांच्या प्राणवायू समस्थानिकांवरून जगाच्या समुद्रपातळीचा लाखो वर्षांचा आलेख काढता आला. या दिशेचे एक महत्त्वाचे काम मार्क सिडॉल, एल्को रोलिंग आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केले.

इराणच्या आखाताची गोष्ट याहून सोपी आहे. त्याची सरासरी खोली सुमारे ३५ मीटर आणि होर्मुझच्या वाटेवर ती शंभर मीटरच्या आत, त्यामुळे हिमयुगात ते संपूर्ण कोरडे होते आणि तैग्रिस-युफ्रेटिसचे पाणी त्याच्या तळातून नदी म्हणून वाहत होते. सुमारे १४,००० वर्षांपूर्वी समुद्र आत शिरू लागला आणि सहा-सात हजार वर्षांपूर्वी आजचा किनारा साधारण बनला. तळ इतका सपाट आहे की काही काळात पाणी वर्षाला कित्येक मीटर आडवे पुढे सरकले असणार. उथळ आणि रखरखीत असल्याने आज त्यातून बाहेर पडणारे पाणी फार खारे असते. ते ओमानच्या आखातात उतरून २०० ते ३५० मीटर खोलीवर अरबी समुद्रभर पसरते, आणि तांबड्या समुद्राचे पाणी त्याच्याही खाली ६०० ते ८०० मीटरवर सापडते. दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेसारख्या संस्थांच्या सर्वेक्षणांत आपल्या पश्चिम किनाऱ्यासमोरच्या खोल पाण्यातही क्षारतेची ही हलकी वाढ दिसते. मुलांना सांगायचे तर आखातातले खारे पाणी आजही कोकणासमोरच्या समुद्रात येते, फक्त ते पृष्ठाखाली दोनशे मीटरवरून येते.